सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही
जुन्या गाडीचा लपंडाव, आणि दोष शोधण्याची मजुरी

न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर, करळ फाट्याच्या अलीकडे, सकाळी कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली असते. त्या रांगेच्या कडेला एखादी जुनी मारुती ८०० बॉनेट उघडून उभी दिसली, तर जाणारा-येणारा एकच अंदाज बांधतो, "बॅटरी गेली असेल." गाडीचा मालक मनातल्या मनात म्हणतो, बॅटरी तर गेल्याच महिन्यात नवी टाकली. आणखी दहा मिनिटांनी तीच गाडी, कोणी हात न लावता, पहिल्या चावीला सुरू होते आणि मालक ओशाळून निघून जातो. हा लेख अशा गाडीविषयी आहे. जी गाडी कायमची बंद पडते तिचे निदान सोपे असते. जी कधी चालते आणि कधी चालत नाही, ती मालकाचा खिसा आणि मिस्त्रीचे नाव दोन्ही खाऊन टाकते.

न्हावा शेव्याचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, आणि न्हावा, शेवा, जासई, उरण, पनवेल या पट्ट्यात बंदराभोवतीचे शेकडो लहान धंदे उभे राहिले. क्लिअरिंग, पॅकिंग, लाकडी पेट्या, वाहतूक, हमाली, खानावळी, गॅरेज. आपले कित्येक व्यापारी बंधू मस्जिद बंदर, मोहम्मद अली रोड, कुर्ला येथे दुकान ठेवून माल मात्र या बंदरातून पाठवतात. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाला, तेव्हापासून ये-जा सोपी झाली. सेतूची लांबी २१.८ किलोमीटर असून त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. परंतु या सेतूवर मोटारसायकल आणि रिक्षा चालत नाही. ज्या माणसाचे काम दोन चाकांवर भागले असते त्यालाही चार चाके हवीत. नवी गाडी परवडत नाही, म्हणून वीस-वीस वर्षे जुन्या गाड्या पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून वापरात ठेवल्या जातात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चांगली राखलेली जुनी गाडी धंद्याला पुरते. फक्त ती वेळेला सुरू झाली पाहिजे.

ती वेळेला सुरू झाली नाही तर काय होते, हे पनवेलच्या एका बंधूंकडून ऐकले. त्यांचा मसाल्याचा माल कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये तपासणीला लागला होता. तपासणीच्या वेळी मालकाचा माणूस हजर पाहिजे. हे नमाज आटोपून घरून निघाले, वाटेत पेट्रोल भरायला थांबले आणि गाडीने दगा दिला. रिक्षा मिळेपर्यंत, पोहोचेपर्यंत तपासणीची पाळी टळली, बंदराच्या गेटची मुदत टळली, आणि कंटेनर त्या जहाजाला लागला नाही. धंद्याच्या भाषेत त्याला शटआउट म्हणतात. पुढच्या जहाजापर्यंतचे भाडे भरावे लागलेच, त्याशिवाय परदेशातल्या गिऱ्हाइकाला तोंड द्यावे लागले. बिघाड किती पैशांचा होता ते पुढे येईलच.

गाडी २००२ सालची मारुती ८००, पेट्रोल इंजेक्शनची. दोष असा की आठवड्यातून एक-दोन वेळा चावी फिरवली की सेल्फ उचलत नसे. कधी "टक-टक-टक" असा आवाज, कधी तोही नाही. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. पंधरा दिवस गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. दुसऱ्याने सेल्फ उतरवला, कार्बन आणि बुश नवे घातले, आर्मेचर साफ केले. तीन आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. तिसऱ्याने चावीचा इग्निशन स्विच बदलला. एकंदर तेरा हजारांच्या आसपास खर्च झाला आणि दोष जागच्या जागी राहिला.

या तिन्ही मिस्त्रींना लबाड म्हणणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. गाडी गॅरेजला आली की दोष नाहीसा. वीस वेळा चावी मारली, वीस वेळा गाडी सुरू झाली. आता मिस्त्रीने काय करावे? त्याच्यासमोर उभी आहे ती चांगली गाडी. चांगल्या गाडीत दोष सापडणार नाही, म्हणून तो आपल्या अनुभवातला सर्वांत सामान्य दोष धरून सुटा भाग बदलतो. भाग काढताना-घालताना चार वायरी हलतात, कुठला तरी सांधा तात्पुरता घट्ट बसतो, आणि काही दिवस गाडी बरी चालते. मिस्त्रीला वाटते इलाज लागू पडला. मालकालाही तसेच वाटते. असला "गुण" हाच या दुखण्यातला मोठा फसवा भाग आहे.

चौथ्या ठिकाणी मालक गेले ते एका वयस्क इलेक्ट्रिशियनकडे. उमेदीची सारी वर्षे प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या वायरिंगमध्ये गेलेला कारागीर. मालकांनी सगळी कहाणी सांगितली. उस्तादांनी बॉनेट उघडलेच नाही. म्हणाले, "बेटा, ही गाडी आज बरी आहे. बऱ्या गाडीला मी हात लावत नाही. ती आजारी पडेल तेव्हा काय काय करते ते तू मला लिहून आणून दे."

त्यांनी चार गोष्टी लिहायला सांगितल्या. गाडी थंड होती की गरम. किती वेळ उभी होती. चावी फिरवल्यावर आवाज कसला आला. आणि त्या वेळी हेडलाइट लावून पाहिली तर ती मंद झाली का.

या शेवटच्या प्रश्नात अर्धे निदान आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. गाडी सुरू होत नाही म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट. एक तर सेल्फच इंजिन फिरवत नाही, किंवा सेल्फ इंजिन फिरवतो पण इंजिन पेट घेत नाही. ही दोन दुखणी वेगळी, त्यांचे इलाज वेगळे. मालकाने फोनवर "गाडी सुरू होत नाही" एवढेच सांगितले तर मिस्त्रीला काहीच कळत नाही. सेल्फ फिरत नसेल, तर हेडलाइट लावून चावी मारावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ आतून अडकला आहे. दिवे साफ विझले तर बॅटरीच्या टर्मिनलवरचा सांधा ढिला. आणि दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले, तर बॅटरीला दोष देऊ नये. बॅटरीत ताकद आहे, ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. नवी बॅटरी घेण्यापूर्वी ही फुकटची परीक्षा किती लोक करतात?

आता ताकद कोणत्या वाटेने जाते ते पाहू. वाटा दोन आहेत. एक बारीक: चावी, इग्निशन स्विच, कुठे कुठे रिले, आणि तिथून सेल्फच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडला जाणारी पातळ वायर. ही वाट फक्त हुकूम पोहोचवते. दुसरी जाड: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड वायर सेल्फला, सेल्फच्या अंगातून इंजिन आणि गिअरबॉक्सला, आणि तिथून अर्थच्या जाड वायरने परत बॅटरीच्या निगेटिव्हला. पॉझिटिव्हची वायर सगळेच तपासतात. परतीची वाट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बॅटरीतून जितका करंट बाहेर जातो तितकाच परत आला पाहिजे.

हा करंट किती मोठा असतो? लहान मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज खेचतो. आता समजा, अर्थच्या वायरीच्या थिंबलमध्ये गंज चढून एक शतांश ओहम एवढा अडथळा आला. घरच्या साध्या मीटरवर हा अडथळा दिसणारसुद्धा नाही, मीटर शून्यच दाखवील. परंतु दीडशे अँपिअर त्यातून जाताना दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. अडथळा दहापट झाला की सेल्फला काही उरतच नाही. म्हणून जाड वायरींची परीक्षा ओहम मोजून होत नाही. ती चावी मारलेली असताना, व्होल्ट किती गळतात हे मोजूनच होते. आमच्या कारागीर बांधवांपैकी ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे पण तो फक्त बॅटरी मोजायला वापरतात, त्यांनी एवढे तरी जरूर करून पाहावे.

मीटर २० व्होल्टवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवरच लावावे, टर्मिनलच्या पकडीवर नव्हे. काळे टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. दुसऱ्याने चावी मारावी. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर त्या वाटेत दोष आहे. मग काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल टोक इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर. इथे दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त नको. बॅटरीची स्वतःची परीक्षाही याच वेळी होते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ असेल तर निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली समजावी. चावी मारताना ती साडेनऊच्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसली तर अल्टरनेटर भरतो आहे. ही परीक्षा करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवण्याची सवय पुष्कळांना आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते. बॅटरीशेजारी बिडी-सिगारेट नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

मालकांनी दोन महिन्यांत नऊ नोंदी आणल्या. त्यातल्या सात वेळा गाडी चालून गरम झाली होती आणि वीस ते चाळीस मिनिटे उभी होती. सकाळच्या पहिल्या चावीला गाडीने एकदाही दगा दिला नव्हता. हेडलाइट प्रत्येक वेळी प्रखर. शिवाय मालकांनी एक गोष्ट आपल्या मनाने लिहिली होती: गाडी गिअरमध्ये टाकून मागे-पुढे जरा हलवली की पुढच्या चावीला सुरू होते.

ही नोंद वाचून कोणताही अनुभवी मिस्त्री म्हणेल की सेल्फचा बेंडिक्स फ्लायव्हीलच्या दातांत अडकतो, गाडी हलवल्यावर सुटतो. आणि गरम झाल्यावर बिघडते म्हणजे सोलेनॉइड. दोन्ही तर्क शंभरातल्या पुष्कळ गाड्यांत बरोबर ठरतात. गरम तांब्याचा अडथळा वाढतो, दर अंशाला शेकडा ०.४ च्या हिशेबाने. सायलेन्सरच्या जवळ बसवलेला सेल्फ साठ अंशांनी तापला तर त्याच्या वेटोळ्याचा अडथळा जवळजवळ पावपट वाढतो, आणि कमजोर सोलेनॉइड तेवढ्याने हार खातो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने सेल्फ उतरवला तो काही वेडेपणाने नव्हे.

उस्तादांनी मात्र सेल्फला हात लावला नाही. कारण बेंडिक्स अडकला असता तर सेल्फने करंट खेचला असता आणि हेडलाइट मंद झाली असती. ती तर प्रखर राहत होती. त्यांनी डॅशबोर्डखाली एक बारीक बारा व्होल्टचा दिवा लावला. त्याची एक वायर लहान फ्यूज घालून सोलेनॉइडच्या पातळ वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. हिशेब साधा. चावी फिरवली की हा दिवा लागला पाहिजे. ज्या दिवशी सेल्फ उचलणार नाही त्या दिवशी दिवाही लागला नाही, तर चोर चावी, स्विच, रिले किंवा पातळ वायरीत आहे. दिवा लागला आणि सेल्फ गप्प राहिला, तर हुकूम पोहोचला आहे, चोर सेल्फमध्ये किंवा जाड वायरीत आहे. दिवा, होल्डर, वायर मिळून खर्च एका प्लेट बिर्याणीइतका. त्यांनी मालकाला सांगितले, आता तू माझा पहारेकरी.

आठ दिवसांनी गाडी उलव्याला अडली. दिवा स्वच्छ लागला. म्हणजे तिसऱ्या गॅरेजने बदललेला इग्निशन स्विच आधीही चांगलाच होता. उस्तादांनी आता आणखी दोन बारीक वायरी ओढल्या, एक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरून, दुसरी गिअरबॉक्सच्या बोल्टवरून, आणि दोन्ही सीटशेजारी एका स्वस्तातल्या डिजिटल मीटरला जोडल्या. पुढच्या वेळी गाडी अडली ती बंदराच्या वाहनतळावर. मालकांनी चावी धरून मीटर पाहिला. जिथे दोन-तीन दशांश दिसायला हवे होते, तिथे आकडा नऊच्या वर उसळत होता. बॅटरीची सगळी ताकद परतीच्या वाटेवर अडत होती.

ती काळी अर्थची वायर बाहेरून चांगली दिसत होती. थिंबल चकचकीत, बोल्ट घट्ट. उस्तादांनी थिंबलच्या मागचे रबरी आवरण चिरले तेव्हा आतली तांब्याची तार हिरवी-काळी भुकटी झालेली निघाली. दहा-बारा तारा कशाबशा जोडलेल्या होत्या. थंडीत त्या टेकून राहत. गाडी चालून गिअरबॉक्स तापला, हादरे बसले, की दाबून बसवलेला सांधा सुटा पडे. आणि गाडी गिअरमध्ये टाकून हलवली की इंजिन आपल्या माउंटिंगवर जरासे डुलते, त्याबरोबर वायर हलते, तारा पुन्हा टेकतात. बेंडिक्सचा त्यात काहीच संबंध नव्हता. नवी वायर, दोन नवे थिंबल, घासून साफ केलेला बोल्ट आणि वर व्हॅसलिनचा थर. सामानाचा खर्च चारशेच्या आत.

उरण-न्हावा पट्ट्यात हा दोष अधिक का दिसतो, याचे उत्तर हवेत आहे. तिन्ही बाजूंना खाडी आणि खारफुटी, मिठागरांचा मुलूख, पावसाळ्यात चार महिने ओल. खारी ओल वायरीच्या रबरात शिरली की बाहेर पडत नाही, आतल्या आत तांबे खाते. ट्रेलरच्या चाकांनी उडणारा चिखल खालून इंजिनवर बसतो. पुण्या-नाशिकची गाडी आणि उरणची गाडी एकाच वर्षाची असली तरी वायरिंगचे वय एक नसते. आपल्या भागातील कोणत्याही पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या दोन्ही जाड वायरी एकदा नव्या करून घेणे, हा खर्च आम्ही वायफळ समजत नाही. जुन्या गाड्यांत आणखी एक खूण असते. ज्या गाडीत बॉडीला वेगळी अर्थ दिलेली आहे पण इंजिनची अर्थ गेली आहे, तिथे सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. दोन-तीन वेळा सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर दुसरे काही शोधू नये.

दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याविषयी, म्हणजे सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, थोडक्यात सांगावे लागेल. पद्मिनी टॅक्सी चालवलेल्यांना पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवण्याची युक्ती आठवत असेल. उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडकत असे, फडक्याने ते थंड होई. ती गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत असे, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. परंतु वाफेचा दोष कार्बोरेटरच्या सर्वच गाड्यांत राहतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल धरते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नव्हत्या. नळी मऊ पडली किंवा तडकली आहे का, हे वर्षातून एकदा पाहावे.

पॉइंट आणि कंडेन्सरच्या गाडीत स्पार्क गरम झाल्यावर नाहीसा होत असेल तर आधी कंडेन्सर आणि मग कॉइल पाहावी. इंजेक्शनच्या गाडीत हेच काम क्रँकचा सेन्सर करतो. गरम झाला की मुका होतो, अर्ध्या तासाने थंड झाला की पुन्हा बोलू लागतो. पेट्रोल पंपाचा रिलेही असाच. त्याच्या आतल्या झाळकामाला केसासारखी चीर पडते आणि उन्हात तापली की उघडते. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद "घुर्र" असा पंपाचा आवाज येतो, तो ओळखीचा करून ठेवावा. ज्या दिवशी आवाज नाही, त्या दिवशी कुठे पाहायचे ते कळते. २००० नंतरच्या अनेक गाड्यांच्या चावीत चिप असते. गाडीने चावी ओळखली नाही तर डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकत राहतो. तेव्हा दुसरी चावी वापरून पाहावी, मग गॅरेज. आणि इंजेक्शनच्या गाडीत प्लगची वायर ओढून ठिणगी पाहणे किंवा चालू इंजिनची बॅटरी सोडवून अल्टरनेटर तपासणे, या जुन्या सवयी सोडाव्यात. त्याने हजारोंचा कंट्रोल युनिट जळू शकतो.

आता पैशाची गोष्ट, कारण हे पान व्यापाराचे आहे. उस्तादांनी सामानाचे चारशे आणि शोधण्याचे दीड हजार असे बिल लावले. मालकांच्या धाकट्या भावाला ते पटले नाही. एक वायर बदलायला दीड हजार? वायर तर पाऊण तासात बदलली. हा प्रश्न आपल्या बाजारात रोज विचारला जातो, आणि त्यातच या दुखण्याचे मूळ आहे. आपण सुट्या भागाचे पैसे खुशीने देतो, कारण भाग हातात दिसतो. डोक्याचे आणि वेळेचे पैसे द्यायला हात आखडतो. मग मिस्त्री काय करील? त्याला शोधण्याची मजुरी मिळत नाही, म्हणून तो भाग विकून पोट भरतो. तेरा हजारांचे भाग घातले गेले ते याच हिशेबाने. दीड हजाराची शोधमजुरी पहिल्याच ठिकाणी दिली असती तर कंटेनर शटआउट झाला नसता.

मालकांनी म्हणून दोष सांगताना नोंद द्यावी, आणि शोधण्याची मजुरी आधी ठरवावी, दोष सापडला किंवा न सापडला तरी. काढलेला प्रत्येक भाग परत मागावा. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या सेल्फला आणि अल्टरनेटरला आजही किंमत येते, आणि चांगला भाग "खराब" म्हणून गेला तर तो दुसऱ्याच्या गाडीत बसतो. कारागिरांनीही आपल्या बाजूने बोलण्याचे धाडस करावे. "आज गाडी बरी आहे, मी काही बदलणार नाही, पहारा लावून देतो, त्याचे एवढे होतील," असे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणे अवघड आहे. समोरचा निघून जाण्याची भीती असते. कधी कधी तो जातोही. पण जो राहतो तो आपल्या मुलांच्या गाड्याही घेऊन येतो.

आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मुले मीटर धरायला शिकतात. बाहेर आल्यावर गॅरेजमध्ये त्यांच्या हातात पाना दिला जातो आणि मीटर कपाटात राहतो. उस्तादांच्या हाताखाली असा एक मुलगा आहे. या गाडीची दुसरी मीटरची जोडणी त्यानेच सुचवली होती. उस्तादांनी ते मालकासमोर सांगितले.

गाडीत तो बारीक दिवा अजून आहे. मालकांच्या भाच्याने विचारले, आता दोष गेला, हा काढून टाकू का? उस्तादांनी नाही म्हटले. वायरीला फ्यूज आहे, धोका नाही, राहू द्या. गाडी चोवीस वर्षांची आहे, आणि पॉझिटिव्हची वायर अजून जुनीच आहे. ती पुढच्या पावसाळ्यापूर्वी बदलायची ठरली आहे.